जावळाच्या अल्बममध्ये मामाला कुठं बसवू?

काकू, नमस्कार.

माझं माहेर औसा तालुक्यात, किल्लारीच्या शेजारचं खेडं. सासर लातूरचं. नोकरीमुळं आम्ही पुण्यात असतो. मुलगा पाच वर्षांचा झाला. त्याचं जावळ नवसाचं होतं, म्हणून पाच वर्षं कात्री लावली नव्हती. गेल्या वैशाखात तुळजापूरला जाऊन काढलं. आता त्याचा डिजिटल अल्बम करायला बसले आहे. स्टुडिओवाल्यानं दिलेले आणि पाहुण्यांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेले मिळून एकोणीसशे फोटो झालेत. रोज रात्री लॅपटॉप उघडते, तासभर बघते आणि बंद करते.

खरं अडलंय ते वेगळंच. माझा सख्खा भाऊ 2021 च्या मे महिन्यात कोरोनात गेला. मुलगा तेव्हा दहा महिन्यांचा होता. आदल्या भाऊबीजेचा एक व्हिडिओ आहे, त्यात त्यानं बाळाला धरलंय, पण चित्र हललेलं आहे. एक व्हॉइस मेसेज आहे: "जावळाला मांडी माझीच हां ताई, आत्ताच सांगून ठेवतो." तुळजापूरला मांडीवर घ्यायला माझा चुलत भाऊ बसला.

जाऊबाई म्हणतात, एआयवर भावाचा लेकराला मांडीवर घेतलेला फोटो करून देते, कुणाला कळणारही नाही. सासूबाई म्हणतात, शुभकार्याच्या अल्बमात गेलेल्या माणसाचा फोटो नको. आईकडं भावाच्या जावळाचा 1991 सालचा, तो तीन वर्षांचा असतानाचा फोटो आहे, तोही तुळजापूरचाच. भूकंपात आमचं घर गेलं, सगळे फोटो गेले. हा एक बार्शीला मावशीकडं होता म्हणून राहिला. तो लावावा की नाही? मला काही सुचेना.

— एक आई, पुणे

काकू म्हणलीस, म्हणून मीही तूच म्हणते.

आधी जाऊबाईंच्या फोटोचं बोलू, कारण तुझं सगळं तिथंच अडलंय. तो फोटो करू नकोस. जाऊबाईंचा हेतू चांगलाच आहे, तुझं दुःख त्यांना बघवत नसणार. पण विचार कर, हा अल्बम कुणासाठी आहे? आज पाच वर्षांचा आहे तो उद्या वीस वर्षांचा होईल, एखाद्या दिवशी एकटाच बसून हे पान उघडेल. त्याला दिसेल की मामा तुळजापूरला होता. मग कुणीतरी सांगेल की नव्हता, तो फोटो बनवलेला आहे. त्या क्षणी अल्बमातल्या बाकीच्या खऱ्या फोटोंवरचाही त्याचा विश्वास उडेल. आणि यंत्र जो चेहरा तयार करतं, तो तुझ्या भावाचा नसतो. हललेल्या चित्रात जे दिसत नाही ते अंदाजानं भरलेलं असतं. नाक थोडं सरळ होतं, रंग उजळतो, हसू दुसऱ्याचं येतं. चार वर्षांनी तुझ्याच आठवणीत तो चेहरा बसला तर? खरा चेहरा तू कुठं शोधशील?

आणखी एक माणूस आहे, ज्याचा विचार या गडबडीत राहून गेलाय. तुझा चुलत भाऊ. लेकरू रडत असताना, उन्हाच्या फरशीवर, पाय अवघडेपर्यंत तोच बसला ना? आपण कुणाच्या जागी बसलोय हे त्याला ठाऊक होतं. तुझ्या एकोणीसशे फोटोंमध्ये एक तरी असा असेल, की ज्यात त्याच्या सदऱ्यावर, बाहीवर, मांडीवर जावळाचे केस पडलेत. तो फोटो शोध आणि अख्खं पान त्याला दे. एआयचा फोटो लावलास तर त्या माणसाला तू त्याच्याच जागेवरून उठवल्यासारखं होईल.

आता तुझ्या भावाची जागा. ती मला तुझ्या पत्रातच दिसली, तुला कशी दिसली नाही याचं मात्र नवल वाटतं. 1991 चा फोटो. तो अल्बममध्ये हवाच, आणि कोपऱ्यात शिक्क्याएवढा लावायचा नाही. डाव्या पानावर तुझा भाऊ, तीन वर्षांचा, त्याच्या मामाच्या मांडीवर. उजव्या पानावर तुझा मुलगा, त्याच्या मामाच्या मांडीवर. मध्ये चौतीस वर्षं. दोन्ही फोटो सारख्या मापाचे ठेव. खाली फक्त नावं, गाव आणि साल. बाकी काही लिहू नकोस. फुलांची चौकट नको, मेणबत्ती नको, ढगातून डोकावणारा चेहरा तर नकोच नको. हा श्रद्धांजलीचा बोर्ड नाही. त्या पानावर तुझा भाऊ जावळ काढून घेणारं एक लेकरू आहे, तुझ्या लेकासारखंच.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्यांच्या बोलण्यामागं नातवाची काळजी आहे, दुसरं काही नाही. त्यांना एवढंच विचार, की लग्नात देवक बसवताना नांदीश्राद्ध का करतात? मुंजीच्या आधीही ते असतं. मंगलकार्याच्या आरंभीच गेलेल्या पितरांना आठवायचं, त्यांचा आशीर्वाद घ्यायचा आणि मग पुढं जायचं, हीच आपली रीत आहे. जावळ म्हणजे शास्त्रातलं चौल, सोळा संस्कारांतलाच एक. गेलेल्याची आठवण काढल्यानं त्याला बाधा कशी येईल? आणि त्या पानावर हार घातलेला फोटो नाही, एक तीन वर्षांचं गोटा केलेलं पोरगं आहे, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं की त्यांचं मन वळेल असं मला वाटतं. पान तयार करून दाखव, नुसतं तोंडी सांगू नकोस. तरीही त्यांना रुचलं नाही तर त्यांच्यासाठी जी प्रत छापशील तिच्यातून ते जोडपान काढ. डिजिटल अल्बमची ही एक मोठी सोय आहे. पण लेकराच्या प्रतीतून काढू नकोस.

भाऊबीजेचा व्हिडिओ. त्याचा एकदम स्क्रीनशॉट घेऊ नकोस. व्हिडिओ लॅपटॉपवर घे आणि एकेक चौकट पुढं सरकवत बघ. माणूस हलत असला तरी एखाद्या क्षणी तो थबकतो. बाळानं बोट धरलं की, किंवा कुणी हाक मारली की. ती चौकट तुला सापडेल. चित्र समजा 640 बाय 480 पिक्सेलचं निघालं. छपाईला इंचाला 300 ठिपके धरतात, म्हणजे ते जेमतेम दोन इंच रुंद छापता येईल. मग दोन इंचच छाप. मोठ्या पांढऱ्या पानावर मधोमध एवढासा फोटो, आणि त्याच्याखाली त्याच्या मेसेजमधलं वाक्य, जसंच्या तसं, "हां ताई"सकट. ताणून पानभर केलास तर नुसते चौकोन दिसतील.

तो व्हॉइस मेसेज आजच्या आज बाहेर काढ. अल्बम राहू दे, आधी हे. व्हॉट्सअॅपमधले आवाज ओपस नावाच्या प्रकारात साठवलेले असतात आणि फोन बदलला, बॅकअप नीट झाला नाही, की जातात. मेसेजवर बोट दाबून धर, शेअर कर, स्वतःलाच ईमेल कर, ड्राइव्हवर टाक. मग एमपी3 करून घे, म्हणजे पुढं कुठल्याही यंत्रावर वाजेल. अल्बमच्या पानावर क्यूआर कोड छापून आवाज ऐकवता येतो, हल्ली बरेच जण करतात. जरूर कर. पण तो कोड एखाद्या लिंककडं बोट दाखवत असतो, हे लक्षात ठेव. फुकटच्या क्यूआर साइटी बंद पडतात. गूगलचं खातंही दोन वर्षं उघडलंच नाही तर पुसलं जाऊ शकतं. म्हणून शब्द पानावर छापलेले हवेतच.

आता एकोणीसशे फोटो. रोज पहिल्यापासून बघत बसलीस तर दिवाळीपर्यंत तिथंच राहशील. उलट्या बाजूनं सुरू कर. लॅपटॉप बंद ठेव, कागद घे, आणि त्या दिवसातलं तुला आठवतंय ते लिही. मी तुझ्या जागी असते तर असं काहीतरी लिहिलं असतं: पहाटे गाडीत झोपलेलं लेकरू, शेवटची वेणी कुणी घातली, महाद्वारातून खाली उतरणाऱ्या पायऱ्या, कल्लोळ तीर्थात पाय बुडवताना त्यानं पाय कसे वर घेतले, आत्यानं पसरलेला पदर आणि त्यात पडलेली पहिली बट, डोक्याला लावलेली हळद, कुंकवाचं स्वस्तिक, पुरणाचा नैवेद्य. पंधरावीस ओळी होतील. मग प्रत्येक ओळीसाठी तीन, फार तर चार फोटो शोध. एकोणीसशेचे साठ होतील. बाकीचे पुसायचे नाहीत, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचे.

आणि लेकराला विचार. त्याला काय आठवतं ते मोबाइलवर रेकॉर्ड कर, आणि त्याच्याच शब्दांत फोटोखाली टाक. माझ्या नातवाच्या वेळी आम्ही विचारलं तर तो म्हणाला, "कानाजवळ कात्री खूप मोठ्यांदा बोलत होती." नारळ, फेटे, आहेर, सगळं आम्ही मोठ्या माणसांनी लक्षात ठेवलं होतं. त्याच्या लक्षात तो आवाज राहिला. त्या पानावर आम्ही फक्त कान, कात्री आणि न्हाव्याची दोन बोटं एवढाच भाग कापून लावला. आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा उघडलं जाणारं पान तेच आहे.

न्हाव्यावरून आठवलं. त्यांचा फोटो असेलच, पण बहुतेक अर्धाच असेल, कारण फोटोग्राफरचं लक्ष लेकरावर असतं. तरी लाव, आणि नाव लिही. नाव माहीत नसेल तर ज्या पुजाऱ्यांकडं उतरला होतात त्यांना फोन करून विचार. शिधा दिला, दक्षिणा दिली आणि नाव विचारलं नाही, असं आपल्याकडं फार होतं. लेकराच्या डोक्याला पहिली कात्री ज्यांनी लावली त्यांचं नाव त्याला माहीत असावं.

गाभाऱ्यातला फोटो तुझ्याकडं नसणार, आत फोटो काढू देत नाहीत. तिथं नेटवरून देवीचा फोटो उतरवून चिकटवू नकोस. त्या पानावर चार ओळी लिही. देवीची मूर्ती चल, म्हणजे जागेवरून हलवता येणारी आहे, वर्षातून तीनदा तिला पलंगावर निद्रेसाठी नेतात, हे पाच वर्षांच्या पोराला सांगून बघ, त्याचे डोळे कसे होतात ते. देवी झोपते तर मग उठवतं कोण, हा प्रश्न तो विचारणारच. त्याचा प्रश्न आणि आजीनं दिलेलं उत्तर, दोन्ही लिही. सोबत परडीचा किंवा कवड्यांच्या माळेचा फोटो असला तर तो ठेव.

फोटो गोळा करताना एक काम पाहुण्यांकडून करून घ्यावं लागेल. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो लहान होऊन येतो, साधारण 1,600 पिक्सेलपर्यंत, म्हणजे पाच इंचांच्या पुढं छापायच्या कामाचा नाही. मूळ 12 मेगापिक्सेलचा फोटो तेरा इंचांपर्यंत स्वच्छ छापता येतो. म्हणून तू निवडलेल्या साठांतले जे पाहुण्यांचे असतील, तेवढेच त्यांच्याकडून परत मागव, "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असं सांगून. एचडी म्हणून पाठवला तरी तो मूळ नसतो. सगळे फोटो पुन्हा पाठवा म्हणलीस तर कुणीच पाठवणार नाही. चार फोटो दाखवून मागितलेस तर मामेबहिणीसुद्धा त्याच संध्याकाळी पाठवतील.

व्हॉट्सअॅपच्या फोटोंमधून काढल्याची वेळही गळून जाते, त्यामुळं क्रम लागत नाही. स्टुडिओच्या कॅमेऱ्याचे फोटो आधी लावून घे आणि बाकीचे त्यांच्या मध्ये डोळ्यांनी बसव. केस किती उरलेत हे बघितलं की लगेच जागा कळते. जावळात ही सोय आहे.

जाऊबाईंना काम द्यायचंच असेल तर पानं लावायचं दे. त्यांना ॲप येतं, हात चालतो. पण दोन गोष्टी आधी स्पष्ट सांग. चेहरा उजळवणारा फिल्टर एकाही फोटोला लावायचा नाही. तुझं लेकरू ज्या रंगाचं आहे त्या रंगाचं दिसू दे. सावळ्या पोराला अल्बममध्ये गोरं केलं तर त्याला काय शिकवलं जातं, हे मी वेगळं सांगायला नको. आणि तयार टेम्प्लेटमधले कार्टून, फुगे, इंग्रजीतलं "हॅपी" काहीतरी, हे काढून टाकायचं. तुळजापूरच्या दगडी भिंती, हळद, कुंकू, आजीचं हिरवं लुगडं, एवढे रंग फोटोंत आधीच आहेत. पानाचा कागद पांढरा किंवा अगदी फिका पिवळा ठेवा.

मराठी मजकुराचं मात्र स्वतः बघ. आमच्या घरच्या एका अल्बममध्ये छापखान्यात गेल्यावर अक्षरं फुटली. माझ्या सासऱ्यांच्या नावातला रफार शेजारच्या अक्षरावर चढला, आणि "तुळजापूर"मधल्या "ळ"च्या जागी चौकोन आला. वीस प्रती छापून झाल्या होत्या. दुकानदार म्हणाला, तुमच्या फाइलमध्येच तसं होतं. सासऱ्यांनी अल्बम हातात घेतला, नावावरून बोट फिरवलं आणि काही न बोलता मिटवला. ते मला अजून लागतं. होतं काय, की तू युनिकोडमध्ये टाइप करतेस आणि पुष्कळ स्टुडिओंत अजून जुन्या प्रकारचे फॉन्ट वापरतात. इकडचं तिकडं चिकटवलं की जोडाक्षरं मोडतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्येही देवनागरीसाठी वेगळी सेटिंग चालू करावी लागते. म्हणून पानं पूर्ण करून पीडीएफ करूनच दे, आणि एक नमुनाप्रत कागदावर छापून घेतल्याशिवाय बाकीच्या छापायला सांगू नकोस. नावं मोठ्यानं वाचून तपास. फॉन्ट मुक्ता घे, किंवा तिरो देवनागरी मराठी घे, दोन्ही फुकट आहेत. दुसऱ्यात "ल" आणि "श" आपल्या मराठी वळणाचे येतात.

सासूबाईंना जाड पानांचा अल्बम हवा असेलच, तो बारा बाय छत्तीसचा करतात. उघडल्यावर छत्तीस इंच पसरतो. मधल्या घडीवर कुणाचा चेहरा येऊ देऊ नकोस, आणि कडेला अर्धा इंच मोकळं सोड, कटिंगमध्ये जातं.

ऑनलाइन किती दाखवायचं ते तू आणि मुलाच्या वडिलांनी ठरवा. माझं मत विचारशील तर आंघोळीचे, रडतानाचे, उघड्या अंगाचे फोटो घरच्या अल्बमपुरतेच ठेवा. लिंक पाठवायची तर नावं घालून मोजक्या माणसांना पाठवा, "ज्याच्याकडं लिंक त्याला दिसेल" असं ठेवू नका. उद्या शाळेत त्याचे मित्र तो गोटा बघतील, हे आज त्याला कळत नाही.

राहिली जपणूक. त्याबद्दल तुला मी काय सांगणार? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे तुमच्या भागात काय झालं ते तुझ्या घरानं बघितलंय. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं झोपली होती. तुझ्या भावाचा फोटो राहिला, कारण त्याची एक प्रत तुमच्या घरात नव्हती, बार्शीला होती. तसंच कर. एक प्रत तुझ्या लॅपटॉपवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि तीही दुसऱ्या गावात, आईकडं नाहीतर लातूरला. तिसरी क्लाउडवर. गूगलची फुकट जागा 15 जीबी असते, तीच ईमेललाही लागते, तेव्हा साठ निवडलेले मूळ फोटो, तो व्हिडिओ, तो आवाज आणि अल्बमची पीडीएफ एवढं आधी चढव. बाकीचं जमेल तसं.

1991 चा फोटो स्कॅन करताना घाई नको. काचेच्या फ्रेममध्ये असेल आणि काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नकोस, वरचा थर निघून येतो. तसा असेल तर फ्रेमसकटच फोटो घे, खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून, थोडं तिरकं धरून, म्हणजे काच चमकणार नाही. सुटा असेल तर लातूरला एखाद्या स्टुडिओत 600 डीपीआयवर, म्हणजे इंचाला 600 ठिपक्यांवर, स्कॅन करून घे आणि तिथंच थांब, फोटो ठेवून येऊ नकोस. डाग असतील ते राहू देत. मागच्या बाजूला कुणाचं अक्षर असेल तर मागची बाजूही स्कॅन कर. आणि त्या फोटोत मांडी दिलेले मामा कोण, त्यांच्या बाजूला कोण उभं आहे, हे आईला आणि मावशीला याच सुट्टीत विचारून घे. चेहरे ओळखणारी तीच दोन माणसं उरलीत.

अल्बम छापून झाला की पहिली प्रत मावशीला बार्शीला पाठव.